दुसरा कुत्रा आणण्याआधी: योग्य वेळ कशी ओळखावी

चिंगी अकरा महिन्यांची असताना आम्ही बंड्याला घरी आणलं. आम्ही दोघं कामाला बाहेर पडलो की चिंगी दाराशी बसून विव्हळायची. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा समजुतीनं सांगून झालं होतं. सकाळी मैदानावर भेटणाऱ्या सगळ्यांचा सल्ला एकच, "जोडीला दुसरा आणा, आपोआप शांत होईल." आम्ही आणला. पहिल्याच सोमवारी काकूंचा फोन आला, आता दोघांचे आवाज येतायत.

तीन महिन्यांच्या पिल्लानं मोठीकडे बघितलं आणि दार बंद झालं की रडायचं असतं, हे शिकून घेतलं. चिंगीला सोबत हवी होती ती माणसांची, आणि ती बंड्या देऊ शकत नव्हता. पुढचे आठ महिने आम्ही दोघांना वेगवेगळं शिकवत होतो. त्या काळात जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं, तर चिंगीचं ते वर्ष सुखाचं गेलं असतं. नंतर दत्तक जाणारी कुत्री काही आठवडे आमच्याकडे राहू लागली आणि याच गोष्टी पुन्हा पुन्हा पडताळता आल्या. घरात एक कुत्रा आहे आणि दुसऱ्याचा विचार मनात घोळतोय, अशांसाठी त्या क्रमानं लिहिते आहे. पहिल्याला थोरला म्हणते आणि येणाऱ्याला धाकटा, मग तो वयानं मोठा का असेना.

पायरी १: कारण कागदावर लिहून काढा

"थोरल्याला एकटं वाटतं" हे कारण मी सगळ्यात जास्त ऐकते. खरं आहे का ते तपासायचा एक सोपा मार्ग आहे. धाकट्याला रोज जो वेळ द्यावा लागेल, तो पंधरा दिवस थोरल्यालाच देऊन बघा. सकाळी अर्धा तास आधी उठा. संध्याकाळची एक फेरी वाढवा आणि त्या फेरीत घाई न करता त्याला हवा तेवढा वेळ वास घेऊ द्या. तो एकटा राहणार असेल तेव्हा जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून ठेवा. पंधरा दिवसांत त्याचं चपला फाडणं, भुंकणं, दाराशी बसून राहणं कमी झालं, तर त्याला तुम्ही हवे होतात. आणि नवव्या दिवशी तुमच्याच्यानं लवकर उठवलं नाही, तर धाकट्यासाठीही उठवणार नाही, हे आत्ताच कळलेलं बरं.

मुलं मागे लागली म्हणून आणायचा असेल, तर सध्याच्या कुत्र्याचं कोण काय करतं ते बघा. शी उचलायला कोण जातं, गोचीड कोण काढतं? जो करतो त्याचंच काम दुप्पट होणार आहे, म्हणून होकार त्याचा हवा. घरातला एकजण जरी मनापासून तयार नसेल, तर थांबा.

पावसात कुडकुडणारं पिल्लू दिसलं म्हणून उचलून आणणं ही वेगळी गोष्ट. तिथे विचाराला वेळ नसतो आणि नसावाही. त्याला आत घ्या, पण "सध्या सांभाळतोय" असं स्वतःला आणि घरच्यांना स्पष्ट सांगा. कायमचं ठेवायचं की चांगलं घर शोधायचं, हे दोन-तीन आठवड्यांनी ठरवा. तोवर पाचव्या पायरीत दिलेली काळजी घ्या.

मग आणावा तरी कधी? थोरला आहे तसा पुरेसा आहे, त्याच्यात काही दुरुस्त करायचं नाही आणि तरीही आणखी एका जिवाला जागा द्यावीशी वाटते, तेव्हा.

पायरी २: थोरल्याची परीक्षा

साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत कुत्रा स्वतःच वाढत असतो. सहा महिन्यांपासून पुढचं वय तर माणसांच्या आठवी-नववीसारखं असतं. शिकलेलं विसरतो, हाक ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्या वयात घरात पिल्लू आलं की दोघं एकमेकांकडून शिकतात, आणि बहुतेक नको तेच. थोरला पूर्ण वाढलेला असू द्या.

वयापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो आज कसा आहे. हाक मारल्यावर घरात तरी येतो का? पट्टा न ओढता चालतो का? तीन-चार तास एकटा शांत झोपतो का? जेवताना शेजारून माणूस गेला तर खाणं थांबवून अंग ताठ करतो का? यातलं जे काही आज अडतंय, ते धाकटा आल्यावर दुपटीनं अडेल. आधी ते सोडवा. एका कुत्र्याला पट्ट्यावर चालायला शिकवणं महिना-दोन महिन्यांचं काम आहे. दोघं एकदम ओढायला लागली की शिकवायला हातच मोकळा राहत नाही.

"आमचा मैदानात सगळ्यांशी खेळतो" यावर विसंबू नका. मैदान कुणाचंच नसतं. घर त्याचं असतं, आणि घरातला दिवाणाखालचा कोपरा तर त्याचाच असतो. ओळखीचा, लसी झालेला, शांत कुत्रा एका दुपारसाठी घरी बोलवा. थोरला पाहुण्याला सोफ्याजवळ येऊ देतो का, पाण्याच्या भांड्याला तोंड लावू देतो का, आणि पाहुणा गेल्यावर तासाभरात निवांत झोपतो की रात्रभर येरझाऱ्या घालतो, हे बघा. एका दुपारीच कितीतरी उलगडतं. शक्य असेल तर दत्तकासाठी काम करणाऱ्या गटाकडून एखादा कुत्रा दोन-तीन आठवडे फॉस्टरसाठी, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, घ्या. फॉस्टरला घरांची कायम चणचण असते. तुमची परीक्षा होईल आणि एका कुत्र्याची सोयही.

तब्येतीचंही बघायचं. थोरल्याच्या वार्षिक लसी झालेल्या असाव्यात, जंताचं औषध दिलेलं असावं आणि गोचीड आटोक्यात असावेत. गोचिडांची अंडी भिंतीच्या भेगांत आणि दाराच्या चौकटीमागे असतात, म्हणून कुत्र्याबरोबर घरावरही फवारणी लागते. गोचीडतापानं थोरला नुकताच उठला असेल तर त्याला पूर्ण बरा होऊ द्या. धाकट्याचं स्वागत करायची ताकद त्याच्यात नसते.

नसबंदीचं आधीच ठरवा. मादी साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते. माज तीनेक आठवडे चालतो आणि त्या काळात एका फ्लॅटमध्ये नराला आणि तिला दूर ठेवणं जवळजवळ अशक्य असतं. एक चूक झाली की सुमारे ६३ दिवसांनी घरात पिल्लं. नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. "कालच ऑपरेशन झालंय" म्हणून निर्धास्त राहू नका.

म्हाताऱ्या थोरल्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे फार जीव तुटतो. बारा वर्षांचा कुत्रा, सांधे दुखतायत, ऐकायला कमी येतंय, आणि घरचे म्हणतात, "हा असतानाच दुसरा आणू, म्हणजे हा गेल्यावर घर रिकामं वाटणार नाही." ती भावना मला समजते. पण पिल्लू त्याच्या कानाला लोंबकळतं, झोपेतून उठवतं, दुखऱ्या कमरेवर उडी मारतं. त्याला पळता येत नाही आणि गुरगुरला तर त्यालाच ओरडा बसतो. आणायचाच असेल तर तो सात-आठ वर्षांचा आणि धडधाकट असतानाच आणा. ती वेळ टळली असेल तर शेवटची वर्षं त्याची एकट्याची असू द्या. निदान पिल्लू नको. शांत, मोठा कुत्रा कधीकधी जमून जातो.

पायरी ३: घर, पैसा, वेळ

गेल्या १२ महिन्यांत थोरल्यावर किती खर्च झाला ते लिहा: खाणं, लसी, जंताचं आणि गोचिडाचं औषध, डॉक्टर, गावाला जाताना ठेवायचा खर्च. त्याची दुप्पट करा आणि वर एका मोठ्या आजारपणाची रक्कम बाजूला काढता येते का ते पाहा. गोचिडाची औषधं वजनाप्रमाणे घ्यावी लागतात, त्यामुळे धाकटा मोठ्या जातीचा असेल तर दुप्पटही पुरत नाही.

गावचं तर विचारूच नका. एक कुत्रा बहिणीकडे सोडता येतो, दोन कुणी ठेवून घेत नाही. गणपतीला, लग्नकार्याला कोण सांभाळणार, त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं हवं.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला विचारा. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे, पण पॅसेजमधली घाण आणि रात्रीचं भुंकणं ही आपलीच जबाबदारी. महापालिकेचा परवाना प्रत्येक कुत्र्याचा वेगळा काढावा लागतो. घरटी किती कुत्र्यांना परवानगी आहे, तेही तिथेच विचारून घ्या.

पायरी ४: कोणता आणायचा

थोरला मादी असेल तर नर, नर असेल तर मादी, ही जोडी सहसा सोपी जाते. दोन माद्यांचं पटलं तर छान पटतं, पण एकदा बिनसलं की भांडण मनात धरून ठेवतात असा माझा अनुभव आहे. अंगातली ऊर्जा जातीपेक्षा आधी बघा. दिवसभर लोळणाऱ्या लॅब्रेडॉरसोबत सहा महिन्यांचा कारवान किंवा मुधोळ, म्हणजे पळायला बनलेला शिकारी कुत्रा, आणला, तर एकाला पळायला कमी पडतं आणि दुसऱ्याला झोप मिळत नाही. आपल्या देशी कुत्र्यांत सगळे स्वभाव सापडतात, फक्त त्या कुत्र्यासोबत आधी दोन-चार वेळा वेळ घालवा.

पिल्लूच हवं हा हट्ट सोडता आला तर बघा. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लू मोठेपणी कसं निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. पिल्लू घ्यायचं ठरलंच तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार एवढ्या लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू ते शिकलेलं नसतं आणि त्याचा ताप थोरल्याला होतो.

एकाच वेतातली दोन भावंडं एकदम आणू नका. दिसायला गोड असतात. पण ती एकमेकांत इतकी गुंततात की माणसाशी बांधली जात नाहीत, आणि एकाला डॉक्टरकडे नेलं तरी दुसरं घर डोक्यावर घेतं.

पायरी ५: आजार उंबऱ्याबाहेर ठेवा

नव्या कुत्र्याला घरी आणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. कुठून आलंय हे नक्की माहीत नसलेल्या पिल्लाला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी, फडकी वेगळी, आणि त्याला हाताळून आलात की हात धुऊन कपडे बदला.

घरात पूर्वी कधी कुत्र्याला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. तो विषाणू फरशीवर, कोपऱ्यात, बागेच्या मातीत कित्येक महिने टिकतो. फिनाइलनं तो मरतो असं समजू नका. ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात घालून त्यानं पुसायचं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि मग स्वच्छ पाण्यानं पुसून घ्यायचं. फिनाइल आणि ब्लीच एकत्र मात्र कधी करू नका.

मुहूर्तच काढायचा तर दिवाळीच्या आसपासचा नको. फटाक्यांनी थोरलाच पलंगाखाली असतो, नवख्यानं कुणाच्या आधारानं राहायचं? ज्या आठवड्यात घरी कुणाला तरी चार-पाच दिवस सलग थांबता येईल, तो निवडा.

पायरी ६: पहिली भेट

घरात नको, आणि थोरल्याच्या रोजच्या झाडांखालीही नको. दोघांनाही अनोळखी अशी मोकळी, शांत जागा निवडा. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला मैदानात खाली सोडता येत नाही. त्याची भेट एखाद्या मित्राच्या धुतलेल्या गच्चीवर घाला.

दोन कुत्री आणि दोन माणसं लागतात. पट्टे सैल धरा. समोरासमोर आणू नका. दहा-पंधरा फुटांचं अंतर ठेवून एकाच दिशेनं चालायला लागा. पहिली पाच मिनिटं दोघं एकमेकांकडे बघून ओढतील. चालत राहा. हळूहळू एकजण खाली वास घेईल, दुसरा तिकडे बघेल, आणि थोड्या वेळानं दोघं एकाच झुडपापाशी मुततील. इथून पुढे अंतर कमी करायला हरकत नाही. जवळ आल्यावर तीन सेकंद वास घेऊ द्या, हाक मारून बाजूला न्या, पुन्हा चाला. असं चार-पाच वेळा.

या वेळी दोघांची अंगं बघायची. अंग सैल, तोंड किंचित उघडं, शेपूट मोकळी हलतेय, कुणी पुढचे पाय पसरून ढुंगण वर करून बसलं, तर सगळं ठीक चाललंय. तोंड मिटलं, अंग लाकडासारखं झालं, नजर एका जागी खिळली, एकानं दुसऱ्याच्या मानेवर हनुवटी ठेवली, तर आनंदी आवाजात हाक मारून लगेच लांब न्या. पट्टा हिसकू नका. हिसका बसला की समोरचा कुत्रा आला म्हणून दुखलं, असा अर्थ कुत्रा लावतो.

दोघं पुरेशी दमली की बरोबरच घरी यायचं. त्याआधी खेळणी, हाडं, खाण्याची भांडी आणि थोरल्याचं आवडतं अंथरूण उचलून ठेवलेलं असू द्या.

पायरी ७: पहिले तीन महिने

पहिले तीन दिवस नवा कुत्रा गांगरलेला असतो. खाणार नाही किंवा नुसता झोपेल. तीनेक आठवड्यांनी घराची लय कळते आणि तेव्हाच त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो. पहिल्या आठवड्यात "किती गुणी आहे" म्हणणारे लोक चौथ्या आठवड्यात घाबरून फोन करतात, तो यामुळे. तीन महिन्यांनी घर आपलं वाटू लागतं.

जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून, आणि खाणं संपलं की भांडी उचलायची. आमच्याकडे पहिली झटापट भाकरीच्या एका तुकड्यावरून झाली. भाकरी करताना ओट्याखाली पडलेला बोटभर तुकडा होता. चिंगी त्यावर मान खाली घालून थिजून उभी राहिली, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसत होतं. मला वाटलं नुसती उभी आहे. बंड्या जवळ गेला आणि पुढच्या क्षणी त्याच्या कानातून रक्त येत होतं. ती शांतता हाच इशारा होता, पण तेव्हा मला तो वाचता येत नव्हता. त्या दिवसापासून स्वयंपाक चालू असताना दोघंही स्वयंपाकघराबाहेर, लहान मुलांसाठी लावतात तसल्या फाटकापलीकडे.

थोरला गुरगुरला तर त्याला ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे "पुरे आता" हे सभ्यपणे सांगणं. ते दाबलं की तो पुढच्या वेळी न सांगता चावतो. पिल्लाला उचलून दुसरीकडे न्या आणि थोरल्याला उठून जाता येईल अशी एक जागा राखून ठेवा, जिथे धाकटा पोचत नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, "धाकटं आलं की थोरलं हट्टी होतं," ते कुत्र्यांनाही लागू आहे. थोरल्याची रोजची फेरी एकट्याची राहू द्या, थोडी लहान चालेल. धाकट्यालाही रोज थोडा वेळ एकटं ठेवायची सवय लावा, नाहीतर पुढे थोरला नसताना तो सैरभैर होतो.

खेळ आहे की छळ, हे कळत नसेल तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरून ठेवा. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ. टेबलाखाली जाऊन बसला तर आजचा खेळ संपला.

भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका. मोठा आवाज करा, अंगावर पाणी ओता, जाड चादर टाका. चावा तुम्हाला बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, घरच्या कुत्र्यांच्या लसी झालेल्या असल्या तरीही.

चिंगी आणि बंड्या गळ्यात गळा घालून कधीच झोपले नाहीत. आठव्या महिन्यात एका दुपारी मी घरी आले तेव्हा दाराशी, चिंगीच्या पायपुसण्याच्या एका टोकाला बंड्या झोपला होता आणि दुसऱ्या टोकाला चिंगी. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. काकूंनी सांगितलं, सकाळपासून आवाज नाही.

प्रत्येक घरात असं होईलच असं नाही. म्हणून धाकटा आणताना देणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, शक्यतो लिहून: नाही जमलं तर तो परत त्यांच्याकडे जाईल किंवा दुसरं घर मिळेपर्यंत तुमच्याकडेच राहील. रक्त येईल अशी भांडणं होत असतील, थोरल्याचं खाणं सुटलं असेल किंवा तो स्वतःच्याच घरात एका कोपऱ्यात राहायला लागला असेल, तर तीन महिने वाट बघू नका. डॉक्टरांकडून दुखणं नाही याची खात्री करा, वर्तनावर काम करणाऱ्या प्रशिक्षकाला घरी बोलवा, आणि त्यानंही फरक पडला नाही तर धाकट्यासाठी असं घर शोधा जिथे तो एकटाच थोरला असेल.